पाठीवरच्या खुणा

रजिस्टरमध्ये माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. पानाच्या माथ्यावर आजच्या तारखेचा शिक्का, त्याखाली तिसऱ्या ओळीत मी, आणि वेळेच्या रकान्यात दहा वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मी नुकताच बसमधून उतरून, पायऱ्या चढून, दम खात काउंटरपाशी पोचलो होतो. दोरीने बांधलेलं पेन हातात तसंच राहिलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असेल असं म्हणायला जागा नव्हती. या केंद्रात विसरभोळ्या झालेल्या म्हाताऱ्यांना भेटायला दिवसाकाठी वीस-पंचवीस माणसं येतात, पण त्यांच्यात आडनाव आधी, मग स्वल्पविराम आणि मग नाव असं लिहिणारा मी एकटाच आहे. एकतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेली, तेव्हापासून हाताला ते वळण पडलं. माझ्या लग्नात धाकटी बहीण सगळ्यांना सांगत होती की दादा आता उखाण्यातसुद्धा बायकोचं आडनाव आधी घेणार. बायकोला जाऊन आता नऊ वर्षं झाली. स्वल्पविराम राहिला.

मी पेन टेकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच नाव आधी, आडनाव नंतर असं लिहिलं. अक्षरही जरा डावीकडे कललेलं काढलं. वरच्या ओळीत सकाळी आलेला माणूस वेगळा आणि हा वेगळा, असं कुणाला वाटावं म्हणून. कुणाला, ते मला माहीत नाही. सदुसष्टाव्या वर्षी माणूस एवढ्या लहान लबाड्या करतो याचंच नवल वाटलं. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर आपल्याकडे वळवून घेतलं, पान पाहिलं, मग मला पाहिलं.

"जा काका वर. आजोबा जागे आहेत," ती म्हणाली आणि हसली.

तिने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. वरच्या मजल्यावरच्या बंद दाराच्या आतल्या माणसांसाठी इथले सगळेजण ते वापरतात. माझ्याशी ती एरवी हसत नाही, बसला उशीर झाला का, उकडतंय का, असं काहीबाही बोलते.

जिना चढताना मी सकाळ शोधू लागलो. हे काम मला जमायला हवं होतं. हरवलेलं पुस्तक कसं शोधायचं हे मी दोन पिढ्यांच्या मदतनिसांना शिकवलं आहे. आधी त्याच्या जागेवर पाहायचं, मग शेजारच्या जागेवर, मग ते शेवटी कुणाच्या हातात होतं ते आठवायचं. सहा वाजता उठलो. दाढी केली, हनुवटीखाली थोडं कापलं, तिथे आताही बोट लावलं की चुरचुरतं. चहा. वर्तमानपत्र. मग ताटली विसळली, ती पालथी घालताना नळाशी लागून वाजली. तो आवाज अगदी स्पष्ट आठवतो. त्यानंतरची गोष्ट म्हणजे दुपारचं ऊन खुर्चीच्या पायापर्यंत आलेलं आणि मी मांडीवर पुस्तक घेऊन जागा झालेला. मधे काय? मधे मी वाचत असणार. रोज वाचतो. पण काय वाचत होतो ते आठवायला गेलो तर पुस्तकाचं कव्हर आठवलं, कागदाचा वास आठवला, आतलं एक वाक्यही आठवेना. ताटलीचा आवाज आणि ऊन यांच्यामध्ये फळीवर दोन पुस्तकांच्या मधे असावी तशी एक फट होती. अशी फट दिसली की मी मदतनिसांना सांगायचो, घाबरू नका, कुणीतरी नेलं असेल. मला माझाच तो समजूतदार आवाज ऐकू आला आणि त्याचा राग आला. कोटाच्या खिशात बसची तिकिटं असतात. हात घालून मोजली असती तर एक की तीन ते कळलं असतं. मी हात खिशाबाहेरच ठेवला.

वरच्या मजल्यावर आत जायला घंटी पुरते, बाहेर यायला चार आकडे दाबावे लागतात. वर देखभाल करणाऱ्या मावशींनी दार उघडलं. या मावशी माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान आहेत. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मावशी म्हणतो आणि माझ्या वडिलांना, अण्णांना, त्या आजोबा म्हणतात. एकदा मी हे नातं कागदावर मांडून पाहिलं होतं, ते कुठेच जुळत नाही. त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "इथे कुठलं नातं जुळतंय काका, एक आजी मला सासू समजून पायाला हात लावतात."

आज त्या म्हणाल्या, "आलात? या. हळू या, फरशी ओली आहे."

फरशी ओली नव्हती.

अण्णा खिडकीपाशी पलंगावर बसले होते, मांडीवर उशीचा अभ्रा पसरून, त्याची कड दोन बोटांत घेऊन शिवण तपासत. एक्याण्णव वर्षांच्या त्यांच्या बोटांवर सुईच्या टोचण्यांनी आलेला राठपणा अजून आहे. इथे सुई, कात्री, टाचण्या द्यायला बंदी आहे. नुसती टेप आणि शिंप्याचा निळा खडू एवढं मी परवानगी काढून आणून दिलं. त्यांनी वर पाहिलं, माझ्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे.

"या साहेब. बसा. डावा खांदा उतरता आहे तुमचा."

"हो," मी म्हणालो.

"आमच्या थोरल्याचा अस्साच आहे. पुस्तकं वाहून वाहून. त्याच्या शर्टाला मी आतून कापडाची एक घडी जास्त घालायचो. त्याला पत्ता नाही."

मला पत्ता होता. शाळेत असताना शर्ट धुतल्यावर ती घडी सगळ्यात उशिरा वाळायची आणि खांद्यावर सकाळभर गार लागायची. पण मी तसं कधी त्यांना सांगितलं नाही आणि आता साहेबांनी सांगण्यात अर्थ नव्हता. इथे येऊ लागल्यापासून मला कळलं की ते मला ओळखत नाहीत असं म्हणणं बरोबर नाही. ते मला अंगाने ओळखतात, नुसतं मी त्यांचा कोण ते त्यांना माहीत नसतं. आयुष्यभर त्यांनी माणसं अशीच लक्षात ठेवली. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर आईला विचारायचे, हा कोण? आणि आईने नाव सांगितलं की म्हणायचे, अच्छा, छाती चाळीस, पोट पुढे. दुकानात मापाची वही नव्हती. माप डोक्यात राहत नाही तो शिंपी कसला, असं ते कारागिरांना सुनवायचे.

म्हणून त्यांच्या विसरण्याची सुरुवात कुठे झाली ते आम्हाला फार नेमकं सांगता येतं. एका लठ्ठ दूधवाल्याची आणि एका काटकुळ्या हिशेबनिसाची पँट त्यांनी एकाच दिवशी बेतली आणि मापांची अदलाबदल केली. दोघेही एकाच वेळी ट्रायलला आले. पडद्याआडून दूधवाला म्हणाला, "मास्तर, माझे पाय हिच्यात शिरतायत, पण मी शिरत नाही." ती गोष्ट घरात वर्षभर हसून सांगितली जायची, अण्णाही हसायचे. मी पण हसायचो. पण मी तेव्हा दुकानात होतो आणि पडदा बाजूला झाला त्या क्षणी अण्णांचं तोंड पाहिलं होतं. ते त्या दोघांकडे पाहत नव्हते. ते हवेत, जिथे एरवी मापं लिहिलेली असावीत अशा एका जागेकडे पाहत होते. त्या रात्री मी काही बोललो नाही. मग मी त्यांना न सांगता गिऱ्हाइकांची मापं कार्डांवर उतरवली, आडनावाच्या क्रमाने लावली, आणि ते खोकं गल्ल्याखाली ठेवलं. महिन्याभराने पाहतो तर ते कार्डांच्या पाठीवर कॉलरचे साचे काढून कात्रीने कापत होते. "चांगला जाड कागद आहे," ते म्हणाले. तेव्हाही मी बोललो नाही. धाकटी दुसऱ्या शहरात असते, तिला दर रविवारी फोन करायचो आणि सांगायचो की अण्णा मजेत आहेत. असं दोन वर्षं. शेवटी अण्णा एका दुपारी दुकान उघडं टाकून गेले आणि दोन दिवसांनी सापडले, तेव्हा ती आली. अण्णा झोपल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती म्हणाली, "तुला माहीत होतं. दोन वर्षं. वेळेत कळलं असतं तर काही करता आलं असतं, दादा." मी म्हणालो, मला खात्री नव्हती. ती म्हणाली, "तुला खात्री कधी असते? पुढच्या वेळी खात्रीची वाट बघू नकोस." मग आम्ही दोघंही थांबलो, कारण पुढची वेळ म्हणजे कुणाची, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं होतं.

अण्णांनी अभ्रा बाजूला ठेवला. "उभे राहा. पाठ करा."

हे नेहमीचं होतं. मी उठून पाठ केली. ते माझ्या मागे उभे राहिले, त्यांचा श्वास मानेवर आला. टेप खांद्यावर पडेल म्हणून मी वाट पाहिली. ती पडली नाही.

"हे काय?" ते म्हणाले.

"काय?"

"खुणा तर केल्यात मी. हा काय, खांदा उचलायचा, इथून कंबरेत घ्यायचा. माझाच हात आहे हा." त्यांचं बोट कोटावरून खाली सरकत होतं. "आणि काम न करता कोट परत दिला तुम्हाला? कोण होतं दुकानात?"

"मागच्या आठवड्यातल्या असतील खुणा," मी म्हणालो.

"आठवडाभर खडू राहतो होय अंगावर? चार पावलं चाललं की झडायला लागतो. या आजच्या आहेत." मग ते माझ्याकडे जरा आपुलकीने वाकले. "विसरलात की काय साहेब? होतं असं. माझ्याकडे एक गिऱ्हाईक होतं, ट्रायल देऊन जायचं आणि तासाभराने परत ट्रायलला यायचं. चांगला माणूस. मी दर वेळी माप घ्यायचो. नाही कशाला म्हणा."

मी कोट उतरवला. करड्या पाठीवर निळ्या रेघा होत्या. डाव्या खांद्यावर एक लहान बाण, पाठीच्या कण्यावरून खाली आलेली सरळ रेघ, कमरेशी दोन आडव्या फुल्या. रेघा जरा फिकटल्या होत्या, खुर्चीच्या पाठीला टेकल्यासारख्या, पण पुसल्या नव्हत्या. कोट मी काल संध्याकाळी लाँड्रीतून आणला होता. लाँड्रीची कागदी चिठ्ठी वरच्या काजात अजून तशीच अडकलेली होती. काल मला पूर्ण आठवत होता. लाँड्रीवाल्याच्या दुकानातला वाफेचा वास, त्याच्या अंगठ्याला बांधलेली पट्टी, सगळं. म्हणजे या रेघा घेऊन मी सकाळी इथून बाहेर पडलो, बसमध्ये बसलो, घरी गेलो, खुर्चीत झोपलो, परत बसमध्ये बसलो. दिवसभर माझ्या मागे बसलेल्या, मागे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ते दिसत होतं. मला वाटलं होतं तसं मी भेटायला आलेलो नव्हतो. मी परत आलो होतो.

"द्या इकडे," अण्णा म्हणाले आणि कोट मांडीवर घेऊन त्यांनी सुई नसलेल्या हाताने खांद्याची शिवण उसवायला घेतली, चिमटीत हवा ओढत. पाच मिनिटं मी तो हात पाहत राहिलो. तो एकदाही चुकला नाही. मग मी कोट हळूच मागून घेतला, उलटा करून हातावर टाकला, म्हणालो, "निघतो."

"बुधवारी या," ते म्हणाले. सगळ्यांनाच ते बुधवार द्यायचे.

बाहेर जायच्या दाराला आतल्या बाजूने पुस्तकांचं कपाट रंगवलेलं आहे. दार दिसलं की इथली माणसं ते ढकलत बसतात, कपाट दिसलं की फिरून जातात, म्हणून. मला ते चित्र पहिल्या दिवसापासून आवडत नाही. पुस्तकांच्या पाठींवर नावं नाहीत, नुसत्या सोनेरी रेघा. शेजारी भिंतीवर आकड्यांची पेटी आहे. आकडे भेटायला येणाऱ्यांना सांगतात आणि लक्षात ठेवा म्हणतात. मला लक्षात ठेवावे लागले नव्हते. ग्रंथालयात प्रत्येक विषयाला एक क्रमांक असतो आणि इथले चार आकडे योगायोगाने एका विषयाचे निघाले. मी विषय लक्षात ठेवला होता. दाराशी आलो की तो विषय मनात यायचा आणि बोटं आकडे दाबायची.

आज मी दाराशी आलो आणि मनात शिवणकाम आलं. मी शिवणकामाचा क्रमांक दाबला. पेटीवर लाल दिवा लागून विझला. बागकाम दाबलं. लाल. मग मी थांबलो, कारण तिसऱ्यांदा चुकलं की खाली घंटा वाजते. एकतीस वर्षांत हातून गेलेले शेकडो क्रमांक डोक्यात होते, खगोल, मधमाश्या, धातू, बालसंगोपन, सगळे आपापल्या जागी, आणि त्यांतल्या कशावर बोट ठेवावं ते कळत नव्हतं. रंगवलेल्या पुस्तकांकडे पाहत मी उभा राहिलो. मागून कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं की म्हातारा पुस्तक निवडतोय.

"तुम्हीपण निघालात?" कुणीतरी विचारलं.

शेजारी एक आजी उभ्या होत्या, दोन्ही हातांत पर्स धरून, केस नीट विंचरलेले. त्यांना मी वर्षभर याच दाराशी पाहतो आहे. दर वेळी मी त्यांना चुकवून, त्यांची पाठ असताना चटकन आकडे दाबून निसटतो.

"हो," मी म्हणालो. "घरी."

"मी पण. मुलगा येतोय घ्यायला. तुमचं कोण येतंय?"

"कुणी नाही. माझा मी जातो."

त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं आणि जरा सरकून मला दारासमोर जागा करून दिली. आम्ही शेजारी उभे राहिलो. रांगेत माणसं उभी असतात तसे. त्या मधूनच पर्स उघडून आत पाहत आणि परत मिटत. पर्समध्ये एक रुमाल होता, बाकी काही नव्हतं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, आज मला कुठलीच वेळ सांगता येणार नव्हती. मग मावशी आल्या. त्यांनी आधी आजींच्या दंडाला धरलं, "चला आजी, चहा झालाय." मग दुसरा हात माझ्या कोपराला लागला. त्याच वजनाचा, तसाच हलका.

"काका, चला. मी उघडते," त्या म्हणाल्या, आणि पेटीसमोर अशा उभ्या राहिल्या की त्यांची बोटं मला दिसू नयेत.

हे त्यांनी मुद्दाम केलं की नाही, मला माहीत नाही. मला अशा गोष्टी नीट कळत नाहीत. मी म्हणालो, "मावशी, सकाळी मी किती वेळ होतो?"

दार अर्धं उघडं होतं. "होतात की. आजोबांनी कोटाचं माप घेतलं. मी म्हटलं झटकून देते, तर तुम्ही म्हणालात, राहू दे."

"आणि सकाळी दार कुणी उघडलं?"

"मीच," त्या म्हणाल्या. "जपून उतरा."

बाहेर फाटकाजवळ एक बाक आहे. तिथे मी बसलो, कोट मांडीवर, अस्तर वर करून. समोरच्या रस्त्यावर शाळा सुटल्या होत्या, एक माणूस दुकानाची काच वर्तमानपत्राने पुसत होता. सगळं इतकं जागच्या जागी होतं की त्याची भीती वाटली. आता दोनच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या, धाकटीला खरं सांगायचं किंवा गप्प राहायचं. घरी जाऊन कोट झटकायचा, बुधवारपासून रोजचं सगळं एका वहीत लिहायचं, दाराचे आकडे तळहातावर, आणि धाकटीला रविवारी सांगायचं की अण्णा मजेत आहेत, मी मजेत आहे. हे मला जमलं असतं. दोन वर्षं जमलं होतं. मी इतका वेळ त्याचाच विचार करत राहिलो की जवळजवळ ठरवलंच. कार्डाचे साचे कापणारी अण्णांची कात्री डोळ्यांपुढे आली नसती तर ठरवलंही असतं. किती शांतपणे कापत होते ते. त्यांना माहीत होतं, ती कसली कार्डं आहेत.

मी मनात वाक्यं जुळवली. मला बोलायचं असलं की आधी लिहून काढावं लागतं, कागद नसला तर डोक्यात. पहिलं वाक्य: मला तुला एक सांगायचं आहे आणि मला खात्री नाही. नाही, खात्री नको. पहिलं वाक्य: मला तुला एक सांगायचं आहे. मग रजिस्टर, मग खुणा, मग दार. क्रमाने. फोन लावला. तिने दुसऱ्याच घंटीला उचलला. एरवी ती सातव्या-आठव्या घंटीला धापा टाकत येते आणि मी नमस्कार म्हणायच्या आत तिचे तीन विषय बोलून झालेले असतात.

"बोल, दादा."

"कामात आहेस का?"

"नाही. तू बोल. बाकावर बसला आहेस ना?"

"हो," मी म्हणालो, आणि सुरुवात केली. वाक्यं जुळवली होती तशी निघाली. आडनाव, स्वल्पविराम, दहा वाजून दहा मिनिटं. मी खोटी सही केली तेही सांगितलं, ते सगळ्यात अवघड गेलं. अण्णा काय म्हणाले ते त्यांच्या शब्दांत सांगितलं. लाल दिवा, पर्सवाल्या आजी, मावशींचा हात. शेवटी म्हणालो की या वेळी मी तुझ्यापासून लपवणार नाही, मला डॉक्टरकडे जायला हवं आणि तू बरोबर हवीस. ती मधे एकदाही बोलली नाही. लहानपणापासून मला एक वाक्य पूर्ण करू न देणारी माझी बहीण इतका वेळ नुसती श्वास घेत ऐकत होती. मला वाटलं ती रडत असेल. पण तो रडण्याचा श्वास नव्हता. पाठ झालेला धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलापुढे पुस्तक धरून बसावं, तशी ती ऐकत होती.

"धक्का बसला का तुला?" मी विचारलं.

तिकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"नीट सांगितलंस, दादा," ती हळू म्हणाली. "मंगळवारी सांगताना दाराचं राहून गेलं होतं. आज काही सुटलं नाही."